धंद्याची वाटणी आणि सतरंजीवरची बैठक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'धम्म आणि कुटुंब' असा विषय दिला होता. विषय मोठा आहे, आणि त्यावर बोलणारी आमच्यापेक्षा शिकलेली मंडळी इथे व्यासपीठावर बसलेली आहेत. आम्ही गिरणीतले माणूस. आमचे शिक्षण थोडे शाळेत झाले, बाकीचे पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. म्हणून त्या मोठ्या विषयातला एक लहानसा कोपरा आम्ही धरला आहे. बाप वारल्यावर त्याच्या दुकानाचे, चक्कीचे, टेम्पोचे, मंडपाच्या सामानाचे काय करायचे, आणि त्यावरून घरात जे जुंपते ते कसे मिटवायचे, एवढेच आम्ही बोलणार आहोत.

काहींना वाटेल, हा काय विहारात बोलायचा विषय? आहे, बाबांनो. दोन सख्खे भाऊ याच हॉलमध्ये वंदनेला येतात आणि एक उजव्या भिंतीला बसतो, एक डाव्या. नावे सांगत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले.

आधी हे बघू की हे भांडण आपल्याकडे आताच का वाढले. आमच्या वडिलांची पिढी नोकरीची. गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत, गोदीत. नोकरीला वाटणी नसते. बाप निवृत्त झाला, फंड-ग्रॅच्युइटी आली, कुणाचे लग्न झाले, गावाकडचे घर शाकारले, संपले. मग गिरण्या बंद पडत गेल्या. कुणी व्हीआरएसच्या पैशातून पिठाची चक्की टाकली, कुणी शिलाई मशीन घेऊन घरात कारखाना मांडला, कुणी मंडप-डेकोरेशन, कुणी झेरॉक्स, कुणी रिक्षा-टेम्पो. अनेक घरांत ही धंद्याची पहिलीच पिढी. तिने धंदा उभा केला, पोरे शिकवली. आता ती पिढी एकेक करून जाते आहे, आणि धंदा पुढच्याच्या हातात कसा द्यायचा याची रीत घरात कुणालाच माहीत नाही. ज्यांच्या घरात आधीपासून पेढी आहे तिथेही भांडणे होतात, ते पुढे सांगतो. पण तिथे निदान वही असते, मुनीम असतो. आपल्याकडे सगळा हिशेब बापाच्या डोक्यात, आणि बाप गेला की तो हिशेबही गेला.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. घरातल्या चौघांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत.

साळखात्यात काम केलेला एक गृहस्थ. गिरणी सुटल्यावर त्याने भाड्याच्या गाळ्यात चक्की घातली, पुढे मसाला कांडपाचे मशीन घेतले. थोरला मुलगा चौदा वर्षे त्याच्या हाताखाली. पहाटे शटर उघडायचे, दगडाला टाकी लावायची, पट्टा बदलायचा, सगळे त्याच्याकडे. पगार नाही. घरातलाच मुलगा, त्याला कसला पगार? धाकटा कंपनीत नोकरीला. कांडपाचे मशीन घेताना त्याने ९०,००० रुपये बापाच्या हातात दिले. कागद नाही. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या उपनगरात. आई रोज काट्यावर बसायची, डबे मोजून घ्यायची, उधारीच्या वहीत रेघा मारायची. बाप मृत्युपत्र न करता वारला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत सगळे ठीक होते. मग धाकटा म्हणाला, धंद्यात माझा निम्मा वाटा. थोरला म्हणाला, चौदा वर्षे पिठात मी पांढरा झालो, तू कुठे होतास? धाकट्याने वकिलाची नोटीस पाठवली. थोरल्याने शटरला कुलूप लावले. त्यावर धाकट्याने आपले दुसरे कुलूप लावले. दोन कुलुपांची चक्की अकरा महिने बंद! गाळ्याचे भाडे चढत राहिले, लाईटबिलाचा स्थिर आकार येत राहिला, मोटार दमट हवेने जाम झाली. गिऱ्हाईक काय, दोन गल्ल्या पलीकडे दुसरी चक्की आहे. आणि आई? आई सहा महिने एकाकडे, पाच महिने दुसऱ्याकडे, पिशवी घेऊन.

हे प्रकरण आमच्याकडे आईनेच आणले. आमच्याबरोबर आणखी दोघे बसले. एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सारी वस्ती बाई म्हणते, आणि एक पतपेढीत हिशेब केलेले गृहस्थ. तिघांपैकी कुणीही त्या घराचा नातेवाईक नाही, कुणाचे त्यांच्याशी देणे-घेणे नाही. हे आम्ही पहिल्यांदा पाहतो. ज्याने उसने दिलेले आहेत, ज्याला गाळा हवा आहे, ज्याला पुढच्या निवडणुकीत मते हवी आहेत, त्याने मध्यस्थ व्हायचे नाही.

पहिल्या दिवशी आम्ही काहीही ठरवू दिले नाही. प्रत्येकाशी वेगळे बोललो. पहिल्या दिवशी माणूस जे मागतो ते त्याला खरोखर हवे असतेच असे नाही, हे आम्ही बऱ्याच वेळा पाहिले आहे. थोरल्याला चक्की हवी होती, पण त्याहून जास्त ही भीती होती की वय चाळिशीच्या पुढे, हातात दुसरे काम नाही, पोरांची फी कुठून भरू? धाकट्याला निम्मा वाटा नकोच होता. त्याला चक्की चालवता येत नाही. बारा जणांसमोर थोरला म्हणाला होता, "तू काय दिलंस?" ते त्याच्या काळजाला लागले होते. मुलीकडे दोन्ही भावांनी वेगवेगळे हक्कसोडपत्र पाठवले होते, फक्त सही कर म्हणून. ती म्हणाली, "सही करीन की नाही ते मागाहून. आधी मला कुणी विचारलं का, तुझं काय म्हणणं आहे?" आईने मागितले एवढेच की मला काट्यावर बसू द्या, आणि माझी पिशवी एका जागी राहू द्या.

दुसऱ्या बैठकीला चौघांना एका सतरंजीवर बसवले आणि फक्त मोजदाद केली. भांडण असते 'धंद्याचे', पण धंदा म्हणजे नेमके काय हे कुणी कागदावर मांडलेलेच नसते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले. दोन मशीन, मोटार, काटा, भांडी. दोन बाहेरच्या दुकानदारांकडून किंमत काढली, दोन्हींचा मध्य घेतला, १,८०,००० रुपये. उधारी येणे, वसूल होईल अशी, २२,०००. पतपेढीचे देणे ४०,०००. धाकट्याचे ९०,००० हे उसने की वाटा, यावर दीड तास गेला. शेवटी थोरलाच म्हणाला, उसने धरा. मग शिल्लक किती? ७२,०००. वारस चार, म्हणजे एकेकाला १८,००० रुपये.

खोलीत कुणी बोलेना. पतपेढीवाल्या गृहस्थांनी हळूच दुसरा आकडा लिहिला. चक्की चालू असताना महिन्याला साधारण २०,००० सुटत होते. अकरा महिन्यांचे झाले २,२०,०००. ज्याच्या वाटणीसाठी कुलूप लावले त्याच्या तिप्पट कुलुपाने खाल्ले. हे आम्ही सांगितले असते तर उपदेश झाला असता. कॅलेंडरच्या पाठीवर दिसले म्हणून पटले.

तिसऱ्या बैठकीत मुलीच्या वाट्यावरून थोरला म्हणाला, "तिला लग्नात दिलं की." आम्ही तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लग्नात दिलं ते लग्नाचं. हा तिच्या बापाचा दगड आहे." विषय तिथेच संपला. मुलीने आपले १८,००० पूर्ण घेतले, तीन हप्त्यांत. वस्तीत कुजबुज झाली, सासरची माणसे लोभी वगैरे. होऊ द्या कुजबुज.

चौथ्या बैठकीत ठरले ते असे. चक्की थोरल्याने चालवायची. धाकट्याचे ९०,००० आणि वाट्याचे १८,००० मिळून १,०८,००० रुपये, दरमहा ४,५०० प्रमाणे चोवीस महिन्यांत द्यायचे. एक हप्ता चुकला तर काय, दोन चुकले तर काय, तेही लिहिले. आईचा वाटा आईच्याच नावाने धंद्यात राहील, तिला दरमहा ४,००० मिळतील आणि ती मनात येईल तोवर काट्यावर बसेल. पतपेढीचे देणे थोरला फेडील. धाकट्याने तीन वर्षे याच वस्तीत दुसरी चक्की घालायची नाही. चौदा वर्षांच्या ग्राहकीची किंमत वेगळी लावायची नाही, कारण ती थोरल्यानेच कमावली, हे धाकट्याने स्वतः सुचवले. आणि पाटीवर बापाचे नाव तसेच राहील.

हे लक्षात घ्या. कायद्याने थोरल्याला चौदा वर्षांच्या घामाचा वेगळा वाटा मिळत नाही. कोर्ट वारसांचे हिस्से मोजते, आणि ते बरोबरच आहे. पण सतरंजीवर माणसे एकमेकांची वर्षे मोजू शकतात, पिशवी मोजू शकतात, बारा जणांसमोर झालेला अपमान मोजू शकतात.

आता मध्यस्थ म्हणजे काय हे स्पष्ट करू, कारण इथे गोंधळ होतो. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपण वर्षावासात वाचतो. त्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचा तंटा आहे. युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने संघात उभे राहून दुसरी सूचना मांडली. दोन माणसे आपण निवडू, दोन कोलीयांनी निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी तंटा मिटवावा. सूचना बहुमताने पडली. पुढचे आपल्याला माहीत आहे. पण सिद्धार्थाने सुचवला तो लवाद. लवाद निकाल देतो, न्यायाधीश निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्हीकडचे ऐकतो, बोलणे तुटू देत नाही, कागदावर मांडतो. ठरवायचे ते घरातल्यांनीच. विनयामध्ये तंटे शमवण्याचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यात पहिला संमुखविनय, म्हणजे ज्यांचा तंटा आहे त्यांच्या समक्ष सोडवणूक. पाठीमागे नाही. वहिनीकडून निरोप नाही.

समक्ष या शब्दाचे मोल गिरणी कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो, वडील संपात होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त युनियनचा. म्हणजे ज्याच्यावर कामगारांचा विश्वास तो टेबलापाशी नाही, आणि जो टेबलापाशी त्याच्यावर विश्वास नाही. संप फसण्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात, आमच्या मते त्यात हे एक मोठे. घराच्या बैठकीत बहिणीला न बोलावणे म्हणजे तेच. जिचा हक्क, ती बाहेर.

कुणी म्हणेल, ही तर जातपंचायतच झाली. नाही. आणि हा फरक ज्याला समजत नाही त्याने मध्यस्थीच्या फंदात पडू नये. जातपंचायत हुकूम देते, दंड घेते, वाळीत टाकते, आणि बाईला बोलू देत नाही. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. आमच्या बैठकीतून कुणीही कधीही उठून जाऊ शकतो, थेट कोर्टात जाऊ शकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला विहारात तितक्याच मानाने जागा मिळते. आणखी एक. जिथे मारहाण आहे, घरातून हाकलणे आहे, तिथे आम्ही सतरंजी घालत नाही. तिथे पोलीस आहेत, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. मार खाणाऱ्या बाईला "समजुतीने घे" म्हणणे ही मध्यस्थी नव्हे.

आता कायद्याचे थोडे. कंटाळू नका, हे कामाचे आहे.

आपण बौद्ध असलो तरी वारसाबाबत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच आपल्याला लागू आहे, त्या कायद्यातच तसे म्हटले आहे. बापाने स्वतः कमावलेला धंदा, मृत्युपत्र नाही, तर पत्नी, मुलगे, मुली, आणि बापाची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा. मुलीचा हा हक्क १९५६ पासूनचा आहे. २००५ साली दुरुस्ती झाली ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की त्या हक्कासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही. म्हणून "नवीन कायद्याने पोरी शेफारल्या" असे जे म्हणतात त्यांनी सालांचा हिशेब नीट करावा.

गुमास्ता ज्याच्या नावाने त्याचा धंदा, असा एक समज आहे. गुमास्ता हा मालकीचा कागद नव्हे. बँकेत नॉमिनी आहे म्हणून तो एकटा धनी होत नाही, तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा राहतो. भाड्याच्या गाळ्याचे आणखी वेगळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर तिथे धंदा करणारा कुटुंबातला माणूस आधी धरला जातो. तसा कोणी नसेल तर वारस, आणि आपसांत ठरले नाही तर कोर्ट ठरवते. आपसांत ठरले नाही तर, हे शब्द बघा. कायदाच तुम्हाला सांगतो आहे की आधी आपसांत बघा. आणि गाळामालक दोन भावांच्या भांडणाची वाटच बघत असतो, हे आम्ही सांगायला नको.

बैठकीत ठरले ते तोंडी ठेवू नका. कुटुंबातली तडजोड आधी तोंडी झाली आणि मागाहून आठवणीसाठी लिहून ठेवली तर त्या कागदाला नोंदणी लागत नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९७६ साली म्हटले आहे. पण त्या कागदानेच घराचा, गाळ्याचा, जमिनीचा हक्क बदलत असेल तर नोंदणी हवी. हा फरक आम्ही करू शकत नाही, तुम्हीही करू नका, वकिलाला दाखवा. फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना, अनुसूचित जातीच्या माणसांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत, तेव्हा दाखला बरोबर ठेवा. १५१०० हा फोन नंबर लिहून घ्या, देशभर चालतो. चक्कीवाल्या कुटुंबाने तोच मार्ग धरला. दावा दाखल न करताच प्रकरण लोकअदालतीत नेले. लोकअदालतीत तडजोड नोंदली गेली की तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्याआधी दोनदा वाचायचे.

२०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, सगळी एकदम नाही. त्यात वस्तीतल्या आणि कुटुंबांतल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण आहे, म्हणजे सतरंजीवरची बैठक आता कायद्याच्या पुस्तकात आली. पण त्याच प्रकरणात असेही लिहिले आहे की अशा समझोत्याची कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावणी होणार नाही. तेव्हा विहारात मिटले म्हणजे झाले, असे समजू नका. पक्के करायचे ठिकाण वेगळे आहे.

मघाशी म्हटले की पेढीवाल्यांच्या घरांतही भांडणे होतात. याच मुंबईतली दोन उदाहरणे सर्वांना माहीत आहेत, पण त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगतो. धीरूभाई अंबानी ६ जुलै २००२ ला वारले, मृत्युपत्र न करता. २००४ च्या नोव्हेंबरात दोन मुलांचे भांडण पेपरात आले. १८ जून २००५ ला आई कोकिलाबेन यांनी वाटणी झाल्याचे जाहीर केले. बँकेचे के. व्ही. कामत मध्ये होते. लोकांना वाटले मिटले. पण गॅस कुणी कुणाला कोणत्या भावाने द्यायचा यावरून भाऊ पुन्हा कोर्टात गेले, आणि ७ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की आई आणि दोन मुलगे यांच्यातला तो करार कंपनीला बांधत नाही, कारण तो भागधारकांपुढे आलेलाच नव्हता. त्याच महिन्याच्या २३ तारखेला दोघांनी जुन्या अटी मोडून नवे ठरवले. आपण यातून घ्यायचे ते एवढे. आईच्या शब्दाने भांडण थांबते, पण ज्याची सही नाही त्याच्यावर तो कागद चालत नाही. आपला कंपनीवाला म्हणजे पतपेढी आणि गाळामालक. त्यांना न विचारता केलेली वाटणी अर्धीच.

दुसरे, लोढा बंधू. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर जे उंच टॉवर दिसतात, तेच नाव. 'लोढा' हे नाव कुणी वापरायचे यावरून २०२५ च्या जानेवारीत थोरल्या भावाच्या कंपनीने मुंबई हायकोर्टात ५,००० कोटींची मागणी लावली. कोर्टाने निकालाकडे न जाता मध्यस्थी सुचवली. सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन मध्यस्थ झाले, आईवडिलांनीही घातले, आणि एप्रिलमध्ये मिटले. एकाने 'लोढा' वापरायचे, दुसऱ्याने 'हाउस ऑफ अभिनंदन लोढा'. पाटीवरच्या नावाचेच भांडण होते, बघा! ज्या जागेवर आमच्या माणसांनी साचे चालवले त्या जागेवरचे धनीसुद्धा शेवटी समोरासमोर बसून तीन महिन्यांत मोकळे झाले. ५,००० कोटींवाले बसू शकतात, तर १८,००० वाल्यांनी दोन कुलुपे का लावावीत?

आता जे हयात आहेत त्यांना एक सांगणे आहे. रागावू नका. मृत्युपत्र केले की माणूस लवकर मरतो, असे आपल्यातही मानणारे आहेत. विहारात येऊन हे मानावे याचे आम्हाला आश्चर्य वाटते. मृत्युपत्र साध्या कागदावर होते, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. त्याआधी दुसरे करा. वही ठेवा. कोणी किती दिले, कुणाचे किती देणे, कोण किती वर्षे राबतो, ते महिन्यातून एकदा लिहा. धंद्यात राबणाऱ्या मुलाला थोडा का होईना पगार द्या. आणि सर्वांना बसवून, जावई-सुनांसकट, एकदा बोला. बाप हयात असताना झालेले भांडण बापच मिटवू शकतो. आमच्याकडे येईपर्यंत दोन कुलुपे लागलेली असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आवरते घेतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदना झाल्यावर, मागच्या खोलीत आम्ही तिघे बसतो. फी नाही, चहा बाईंकडून. येताना मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, गुमास्ता, शेवटचे लाईटबिल, भाडेपावत्या, पतपेढीचे पासबुक आणि उधारीची वही आणा. वही नसेल तर ज्याला तोंडपाठ आहे त्या माणसाला आणा, बहुतेक घरांत ती आईच असते. बहीण लांब राहते म्हणून तिचा निरोप आणू नका, तिला गाडीभाडे द्या आणि तिलाच आणा. भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर वेगवेगळ्या वेळी आले तरी चालेल, दोन्ही दारे उघडी ठेवतो. आणि शटरची किल्ली कुणाकडे आहे, तेवढे आधी सांगा.

जयभीम. नमो बुद्धाय.